श्रद्धा, जिद्द आणि चाकाची खुर्ची: मणक्याच्या दुखापतीनंतर रोजचं काय?

पायवाट

मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग लुळं पडलं की घरात दोन गोष्टी एकाच दिवशी सुरू होतात. उपचार आणि प्रार्थना. दोन्ही हव्यातच. पण दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद एका खणात पडतो आणि जपाची माळ दुसऱ्या खणात, त्यांची गाठ कधी पडतच नाही. प्रार्थनेला तासभर बसलेल्या माणसाला कुणी हलवत नाही. उपवासाच्या दिवशी पाणी तुटतं. "पाय येणारच आहेत" म्हणून खुर्ची शिकायची राहून जाते. या प्रत्येक गोष्टीची भरपाई शेवटी शरीराला करावी लागते, आणि माहिती वेळेवर मिळाली असती तर ते टळलं असतं.

म्हणून हा धागा. साधना आणि शरीराची राखण एकाच घड्याळावर कशी बसवायची, एवढाच विषय. जाणकारांनी भर घालावी. मी बसण्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

संवेदना शाबूत असलेला माणूस बसल्या बसल्या नकळत सारखा वजन सरकवत असतो. कमरेखाली संवेदना नसेल तर ती आतली हाकच येत नाही. बसल्यावर धडाचं जवळजवळ सगळं वजन नितंबाखालच्या दोन टोकदार हाडांवर येतं. हाड आणि कातडी यांच्यामधलं मांस दबतं, तिथलं रक्त थांबतं. जखम आधी आत हाडालगत होते आणि कातडीवर सगळ्यात शेवटी दिसते. वर रुपयाएवढा डाग दिसतो तेव्हा आत मुठीएवढी पोकळी असू शकते.

उपाय साधा आहे, पण तो चुकवून चालत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी वजन काढायचं, आणि ते सुमारे २ मिनिटं काढलेलं ठेवायचं. २ मिनिटं अशासाठी की दबलेल्या भागात रक्त पुन्हा पुरेसं भरायला तेवढा वेळ लागतो. पुष्कळ जण हातांवर अंग उचलून दहा सेकंदांत खाली बसतात. त्याने कातडीला फारसं काही मिळत नाही आणि खांदे मात्र झिजतात. त्यापेक्षा पुढे वाकावं: ब्रेक लावा, पाय पावठ्यांवर (खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्यांवर) नीट आहेत ना बघा, छाती मांड्यांकडे न्या, कोपरं गुडघ्यांवर टेका. धडाचा तोल नसेल तर समोर टेबल घेऊन त्यावर डोकं आणि हात ठेवा. तेही जमत नसेल तर एका कुशीला पूर्ण कलून २ मिनिटं, मग दुसऱ्या कुशीला २ मिनिटं.

पुढे वाकण्याची ही मुद्रा नमस्काराचीच आहे. रोजची प्रार्थना एकदा म्हणून व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. वीस मिनिटं लागत असतील तर प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी २ मिनिटं वाकून राहायचं आणि शेवटचा भाग त्याच स्थितीत म्हणायचा. गजराने लक्ष मोडतं अशी तक्रार असते, ती यात उरत नाही. प्रार्थनाच गजर होते.

दीपमाळ

उत्तम विषय. जमिनीवर बसून साधना करणाऱ्यांसाठी थोडं.

सतरंजी किंवा पातळ आसन या माणसांसाठी नाही. खुर्चीवरची गादी खाली घ्या आणि तिच्यावरच बसा. मांडी घातली की बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो आणि वरच्या पायाचं वजनही त्यावर येतं, म्हणून घोट्याखाली मऊ घडी हवी आणि वेळ कमी हवा. पाठीला टेका नसला तर माणूस मागे घसरत माकडहाडावर येतो. घसरताना कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. हे घासणं नुसत्या दाबापेक्षा वाईट, कारण त्यात आतल्या बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात. खाली उतरताना आणि वर चढतानाही नितंब ओढायचे नाहीत, उचलायचे.

मधे भोक असलेली गोल रिंगसारखी गादी कृपया वापरू नका. दिसायला पटते, पण कडेचा दाब मधल्या भागाचं रक्त चहूबाजूंनी अडवतो.

फोमची गादी बसली आहे का हे बघायला माणूस वर बसलेला असताना तळहात वर करून हात गादीखाली सरकवा. हाड थेट हाताला लागलं तर गादीचा जीव गेला, ती बदला. हवेच्या गादीत माणूस बसलेला असताना हाड आणि तळ यांच्यात साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर हवा असावी. जास्त हवा भरली की ती मऊ वाटते असा समज आहे. प्रत्यक्षात ती फुग्यासारखी ताठ होते, माणूस तिच्यावर तरंगतो आणि सगळा भार पुन्हा दोन हाडांवर येतो.

कुतूहल

कातडी "रोज तपासा" असं सगळे सांगतात. नक्की काय बघायचं? माझ्या काकांच्या बाबतीत वहिनी बघतात, पण काय दिसलं की घाबरायचं हे कुणालाच माहीत नाही.

दीपमाळ

कुतूहल, दिवसातून दोनदा, सकाळी उठण्याआधी आणि रात्री आडवं झाल्यावर. लांब दांड्याचा आरसा मिळाला तर काकांना स्वतःला बघू द्या. आपल्या शरीराची राखण आपल्या हातात येणं फार मोठी गोष्ट आहे. वहिनींनी मदतीला राहावं.

जागा: बसण्याची दोन हाडं, माकडहाड आणि त्याच्या वरची सपाट जागा, दोन्ही खुब्यांची बाजू, गुडघ्यांच्या आतल्या कडा, घोटे, टाचा. टाच विसरतात, आणि ती भरून यायला सगळ्यात हट्टी.

डाग दिसला तर त्या जागेवरचं वजन पूर्ण काढा आणि ३० मिनिटांनी पुन्हा बघा. गेला तर बसण्याची वेळ कमी करा आणि कशामुळे झाला ते शोधा: चादरीची घडी, पँटच्या मागच्या खिशाची शिवण, खिशातली किल्ली. नाही गेला तर ती दाबाच्या जखमेची पहिली पायरी आहे. त्या जागेवर शून्य भार, रंग पूर्ववत होईपर्यंत. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे बोटांच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखं मऊ लागत असेल तर तो डागच समजा. कातडी सोलली, फोड आला, पाणी सुटलं तर घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी दाखवा.

डागावर चोळायचं नाही. तेल नाही, पावडर नाही, मालीश नाही. आत आधीच इजा झालेली असते, चोळून ती वाढते.

अंथरुणात कूस दर २ तासांनी. पूर्ण कुशीवर, खुब्याच्या हाडावर झोपवण्यापेक्षा पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा. पोटरीखाली उशी अशी की टाच अधांतरी राहील.

शांतनीर

उपवासाबद्दल लिहितो.

अन्नाचा उपवास एक दिवस निभावून नेता येतो. पाण्याचा उपवास मणक्याच्या दुखापतीनंतर करू नये, इतकं मी सरळ सांगेन. लघवी घट्ट होते, मूत्राशयाच्या तळाशी गाळ बसतो, त्यातून खडे आणि जंतुसंसर्ग. शौचही कडक होतं, आणि ते पुढे दोन दिवस त्रास देतं. बहुतेक धर्मपरंपरांनी आजारी माणसाला उपवासातून सूट दिली आहे, ती नाकारण्यात काही जास्तीचं पुण्य नाही. व्रत करायचंच असेल तर दुसरं काही सोडावं: गोड, बोलणं, करमणूक.

नळी घालून लघवी काढणाऱ्यांसाठी नेहमीचा हिशोब असा. दिवसाला साधारण दोन लिटर द्रव, दिवसभरात विभागून. एका दमात अर्धा लिटर पाणी ढोसलं की तासा-दीड तासात मूत्राशय फुगतं आणि वेळापत्रक मोडतं. नळी दर ४ ते ६ तासांनी. प्रत्येक वेळी मापात धरा: ५०० मिलिलिटरच्या आत राहिलं पाहिजे. सारखं वर जात असेल तर अंतर कमी करा. मूत्राशय ताणलं की त्याच्या भिंतीचं रक्त कमी होतं आणि तिथे जंतू सहज धरतात. संसर्गाचं मोठं कारण हे ताणणंच असतं, पण लोक फक्त नळीच्या स्वच्छतेला दोष देतात.

स्वच्छता अर्थातच हवी. साबणाने हात धुणे, जागा पुढून मागे पुसणे, नळीला भरपूर वंगण, हलक्या हाताने आत, लघवी सुरू झाली की आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत. धार थांबली की नळी हळूहळू बाहेर घ्या, मधे पुन्हा धार आली तर थांबा. अडलं तर जोर लावायचा नाही, दीर्घ श्वास घेऊन मिनिटभर थांबायचं, मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते. १९७२मध्ये अमेरिकेतले डॉक्टर जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की घरी निर्जंतुक हातमोज्यांशिवाय, नुसत्या स्वच्छ हातांनीही हे करता येतं. त्यामुळे लाखो माणसं कायमच्या नळीतून सुटली.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. दिवसभर बसून पायांत पाणी साठतं. रात्री आडवं झालं की ते रक्तात परत येतं आणि मध्यरात्री मूत्राशय भरतं. म्हणून दुपारी अर्धा-पाऊण तास पाय वर घेऊन पडा आणि संध्याकाळनंतर पाणी कमी करा. पहाटेच्या प्रार्थनेला ओल्या कपड्यांनी उठायची वेळ येत असेल तर पुष्कळदा कारण हेच असतं.

बकुळ

शांतनीर यांना अनुमोदन. एक पुरवणी: लघवी नुसती गढूळ किंवा वासाची असेल तर लगेच अँटिबायोटिक मागू नका. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुधा असतातच. ताप, थंडी, पायांचे झटके एकदम वाढणं, मधल्या वेळात गळती सुरू होणं, अंग मोडून येणं, यांपैकी काही असेल तर तपासणी. उगाच घेतलेली औषधं खऱ्या संसर्गाच्या वेळी कामाला येत नाहीत.

आणि उपवासाच्या दिवशी "रिकाम्या पोटी गोळी कशी घ्यायची" म्हणून झटक्यांची गोळी, म्हणजे बॅक्लोफेन, चुकवली जाते. हे धोक्याचं आहे. बॅक्लोफेन अचानक बंद झालं की झटके उसळतात, ताप चढतो, भास होतात, फिट येऊ शकते. कमी करायचं असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने, हळूहळू, काही आठवड्यांत. व्रताच्या आधीच वेळापत्रक विचारून ठेवा.

उंबरठा

मला आशेबद्दल बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो.

पहिल्या काही आठवड्यांत पाय अगदी ढिले असतात. दुखापतीच्या जागेखालचा मज्जारज्जू बधिर झालेला असतो. तो धक्का ओसरला की खालचे प्रतिक्षेप, म्हणजे मेंदूच्या हुकमाशिवाय आपोआप होणाऱ्या हालचाली, जागे होतात आणि पाय झटकायला लागतात. प्रार्थना चालू असताना पाय एकदम हलतो, घरभर आनंद होतो, कुणी रडतं. तो आनंद तोडायला कुणालाच बरं वाटत नाही. पण खरं काय ते शांतपणे तपासता येतं.

माणसाला आडवं करा, पायाखालचा पृष्ठभाग घसरता हवा. अंगठा किंवा गुडघा हलवायला सांगा. सांगितल्यावर हलतो का? "थांब" म्हटल्यावर थांबतो का? तीच हालचाल तीनदा करता येते का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर ती इच्छेने झालेली हालचाल आहे, लगेच फिजिओला कळवा. नुसता गार हात लागल्यावर, कूस बदलताना, लघवी भरल्यावर पाय झटकत असेल आणि थांबवता येत नसेल तर ते झटके आहेत. झटके म्हणजे मेंदूचा निरोप पोचला असं होत नाही.

डॉक्टरांच्या कागदावर ए ते ई अशी श्रेणी असते. ए म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी तळच्या भागातही, गुदद्वाराभोवती, संवेदना किंवा हालचाल नाही. बी म्हणजे तिथे संवेदना आहे पण हालचाल नाही. सी आणि डीमध्ये हालचाल वाढत जाते, ई म्हणजे सामान्य. पहिल्या दिवसांत बी किंवा सी असणं ही खरोखर आशेची बातमी असते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त, नंतर तो मंदावतो. हा कागद मागून घ्या, त्यावरची श्रेणी समजून घ्या. आशा या कागदाच्या जमिनीवर उभी करा, ती जास्त टिकते.

कवडसा

उंबरठा, मुद्दे पटले, तरी एक विरोध नोंदवते. घरात खुर्ची आली की माणूस मनाने बसतो. "आता हेच आपलं" असं म्हणून व्यायामही सोडतो. निदान पहिले सहा महिने खुर्चीचं नाव न काढणं बरं नाही का? श्रद्धा म्हणजे शेवटी न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवणंच ना?

उंबरठा

कवडसाताई, भीती खरी आहे, पण परिणाम उलटा होतो. सहा महिने अंथरुणात म्हणजे टाचा आखडून पावलं खाली वळतात, नितंबाचे आणि गुडघ्याचे सांधे वाकलेलेच राहतात, हाडं ठिसूळ होतात, छातीत कफ साठतो, बीपी इतकं खाली उतरतं की उभं करताच डोळ्यांपुढे अंधारी. पुढे मज्जातंतूंनी साथ दिलीच तर उभं राहायला शरीर तयार नसतं. खुर्चीवर बसणं हीच उभं राहण्याची पहिली पायरी आहे. पाय यायची वाट बघायची तर ती बसून बघावी.

श्रद्धेबद्दल: मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये संकटात देवाशी नातं ठेवण्याचे तीन प्रकार मांडले. "माझं मी बघतो." "सगळं त्याच्यावर सोपवलं, मी काही करणार नाही." आणि "तो आणि मी मिळून." पुनर्वसनात उपयोगी पडतो तो तिसरा. त्यात भरवसा पूर्ण राहतो आणि हातही कामाला लागतात. "सोपवलं" म्हणणाऱ्याची भक्ती कमी असते असं मी म्हणत नाही. पण कूस कुणी बदलायची हा प्रश्न रात्री दोन वाजता उरतोच.

दुसरं महायुद्ध होईपर्यंत अशा माणसांना वर्ष-दोन वर्षांचे सोबती समजून अंथरुणात ठेवत. १९४४मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गटमन यांनी हे मोडून काढलं. कूस दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, आणि ती बदलली जाते की नाही हे बघायला ते स्वतः रात्री वॉर्डात फिरत. मग खुर्ची, काम, खेळ. २९ जुलै १९४८ला तिथल्या मैदानावर खुर्चीत बसलेल्या सोळा जणांनी तिरंदाजीची स्पर्धा केली. १९६०च्या रोममधल्या पहिल्या पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे. त्या सोळा जणांचे पाय परत आलेले नव्हते.

कवडसा

"वाट बघायची तर बसून बघावी" हे घरी सांगण्यासारखं आहे. मग खुर्ची घेताना काय बघायचं तेही लिहा.

उंबरठा

थोडक्यात. हात चाकाच्या कड्याच्या माथ्यावर ठेवला की कोपराचा कोन १०० ते १२० अंश असावा. हात जवळजवळ सरळ होत असेल तर बसणं फार उंच, कोपर टोकदार वाकत असेल तर फार खाली. बैठकीची रुंदी कंबरेला लागून, दोन्ही बाजूंना फार तर बोटभर जागा. "पुढे वजन वाढेल" म्हणून रुंद घेतली की माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकडा होतो आणि एका हाडावर जास्त भार. पावठे इतके वर नकोत की मांड्या गादीवरून उचलल्या जातील, कारण मग सगळा भार मागे जातो.

ढकलताना लांब, संथ हात. ढकलून झाल्यावर हात कड्याच्या खालून मोकळा सोडत मागे न्या. छोटे छोटे झटके देऊन ढकलणाऱ्यांचे खांदे काही वर्षांत जातात, आणि या माणसांना खांदेच पायांचं काम करतात.

शांतनीर

आता एक अशी गोष्ट जी प्रत्येक घरात पाठ हवी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर खालच्या भागातल्या त्रासाला शरीर बीपी एकदम चढवून उत्तर देतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकतं, चेहरा आणि मान लाल, दुखापतीच्या वर घाम, नाक चोंदणं, अंगावर काटा, नाडी मंद.

लांबलेल्या प्रार्थनासभेत असं झालं की भोवतालचे लोक "भाव दाटून आला" म्हणतात किंवा "चक्कर आली" म्हणून आडवं करतात. आडवं करणं हीच सगळ्यात मोठी चूक. आडवं केलं की डोक्यातला दाब आणखी चढतो.

क्रम असा:
१. सरळ बसवा, पाय खाली लोंबकळू द्या.
२. पट्टा, कंबरेचे कपडे, बूट, पायमोजे सैल करा.
३. लघवी बघा. नळी लावलेली असेल तर पीळ पडला आहे का, पिशवी भरली आहे का. नळी लावलेली नसेल तर वंगण लावून नळीने लगेच लघवी काढा. बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.
४. नाही सापडलं तर शौच अडकलं आहे का. मग कातडी, अंगठ्याचं आत वळलेलं नख, घट्ट शिवण.
५. दर २ ते ५ मिनिटांनी बीपी.

या माणसांचं नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० असतं. त्यामुळे १३० किंवा १४० बघून तपासणारा "नॉर्मल आहे" म्हणू शकतो, तर प्रत्यक्षात ते नेहमीपेक्षा २० ते ४०ने चढलेलं असतं. नेहमीचं बीपी आणि हे पाच टप्पे एका कार्डावर लिहून खुर्चीच्या पिशवीत ठेवा. कारण दूर करूनही वरचं बीपी १५०च्या पुढे राहिलं तर क्षणभरही न थांबता आपत्कालीन विभाग.

बकुळ

वाचनखूण साठवली. कार्ड सोबतच्या माणसाकडेही हवं, कारण अशा वेळी त्या व्यक्तीला डोकेदुखीने बोलता येत नाही.

मालीश आणि शेक यांबद्दलही लिहायला हवं. कुणीतरी "हात लावून बरं करतो" म्हणतं आणि घरचे पाय स्वाधीन करतात. आशीर्वाद घ्या, डोक्यावर हात ठेवू द्या, त्याने मनाला बळ मिळतं. पण पाय जोरात वाकवू देऊ नका. दुखापतीखालची हाडं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत फार विरळ होतात, गुडघ्याच्या जवळ सहज मोडतात, आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही. नुसती सूज आणि झटके दिसतात. एकच पोटरी सुजलेली, गरम असेल तर मालीश अजिबात नाही, आत रक्ताची गाठ असू शकते. तीच गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त. गरम विटा, गरम पाण्याच्या पिशव्या, दिव्याजवळ ठेवलेले पाय, यांनी खोल भाजतं. पाणी नेहमी जिथे संवेदना आहे अशा जागी, कोपराने तपासावं.

कुतूहल

सगळ्यांचे आभार. एक अवघड गोष्ट विचारते. काकांना कुणीतरी म्हणालं की हे मागच्या कर्माचं फळ आहे. तेव्हापासून ते प्रार्थनेला बसतच नाहीत. जेवणही कमी झालंय.

पायवाट

कुतूहल, हे हलकं घेऊ नका. संकटात श्रद्धेचा आधार होतो, तशीच ती उलटूही शकते. "देवाने टाकलं", "मला शिक्षा झाली" असं ज्यांना वाटत राहतं त्यांची निराशा जास्त खोल असते, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. वाद घालून ते जात नाही. "तसं काही नसतं हो" म्हणून विषय बदललात तर ते एकटे पडतील.

काकांना बोलू द्या. "तुम्हाला काय वाटतं, का झालं?" असं विचारा आणि उत्तराच्या मधे बोलू नका. त्यांच्याच श्रद्धेतला, त्यांना मानणारा कुणी समजूतदार वडीलधारा असेल तर त्याला बोलवा. शिक्षेची भाषा त्याच परंपरेतल्या करुणेच्या शब्दांनी सैल पडते, बाहेरच्या माणसाच्या युक्तिवादाने नाही. ज्यांनी ते बोलून दाखवलं त्यांची भेट काही दिवस टाळा. प्रार्थनेचा आग्रह नको, खोलीत इतरांची नेहमीची प्रार्थना चालू राहू द्या. त्यांना जमेल तेव्हा येतील.

आणि हे श्रद्धेपुरतं नाही. भूक, झोप, बोलणं दोन आठवड्यांहून अधिक काळ मंदावलेलं असेल, किंवा "मी नसतो तर बरं" असे शब्द आले, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, त्याच आठवड्यात. स्वतःला संपवण्याबद्दल सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या काळात कातडीची आणि लघवीची वेळ घरच्यांनी स्वतःकडे घ्या, कारण निराश माणूस सगळ्यात आधी हीच कामं सोडतो.

कवडसा

लघवीची पिशवी लावलेली असताना प्रार्थनास्थळी जाऊ का, असंही खूप जण मनातल्या मनात विचारतात आणि घरीच राहतात.

दीपमाळ

परंपरेचं उत्तर ज्याच्या त्याच्या मार्गदर्शकाने द्यावं. विचारलंत तर बहुधा होच मिळतं, न विचारता स्वतःला बंदी घालू नका. व्यवहाराचं सांगतो: निघण्याआधी पिशवी रिकामी करा, निम्मी ते दोन तृतीयांश भरली की पुन्हा. नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पोटरीला बांधून, पँटखाली. नळी मांडीला चिकटपट्टीने धरलेली हवी, नाहीतर खुर्चीवरून उतरताना ओढली जाते. शौचाची वेळ दर दिवशी किंवा दिवसाआड एकच ठेवा, खाल्ल्यावर २० ते ३० मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं. पहाटे प्रार्थना असेल तर शौच रात्रीच्या जेवणानंतर लावा. वेळ बदलल्यावर आतडं नव्या वेळेला बसायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरा.

पायवाट

आणि पायऱ्या. आधी कुणाला तरी पाठवून मोजून घ्या. उतार १:१२ हवा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब उतार. दोन फळ्या टाकून केलेल्या उभ्या उतारावर खुर्ची मागे उलटते. उतार नसेल आणि उचलूनच न्यायची वेळ आली तर चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा बसलेल्याचं तोंड खालच्या दिशेला. ताकदीचा माणूस वर, मागच्या मुठी धरून, खुर्ची मोठ्या चाकांवर कलती. दुसरा खाली, खुर्चीची चौकट धरून. पावठे किंवा खुर्चीचे काढता येणारे हात कधीच धरायचे नाहीत, ते हातात येतात. एकेक पायरी, मोठी चाकं पायरीला टेकल्यावर थांबून. कुठून धरायचं हे उचलणाऱ्यांना खुर्चीत बसलेल्यानेच सांगायचं, आणि त्याने "चला" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही.